भांडत चाललं की बिबट्या येत नाही

आक्का,

काल नदीवर तुमचा दशक्रिया विधी झाला. माणसं भरपूर आली. प्रवचन झालं, मग माइकवरून श्रद्धांजलीची भाषणं झाली. एकानं सांगितलं, तुम्ही कष्टाळू होतात. दुसऱ्यानं सांगितलं, सोशिक होतात. तिसऱ्याला तुमचं नावही शेजारच्याला विचारावं लागलं, पण तुम्ही माहेरासाठी चंदनासारख्या झिजलात हे त्यानं छातीठोकपणे सांगितलं. मी बायकांत बसले होते. आजूबाजूच्या सगळ्या पदरानं डोळे पुसत होत्या आणि मला हसू आवरेना. तुम्ही काय म्हणाला असतात ते मला तिथंच ऐकू आलं होतं: "झिजायला मी काय खोड हाय व्हय?"

तुम्हाला फिरायला आवडायचं, हे मात्र एकानंही सांगितलं नाही. कामाला जाणं नव्हे, बाजाराला नव्हे, देवाला नव्हे. नुसतं फिरायला. माइकवर बाईमाणसाबद्दल असलं काही सांगत नसतील. म्हणून मी लिहायला बसलेय.

सुरुवात माझ्या दुखण्यातून झाली. माझं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं आणि मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी चालायचं. आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या घरातल्या बाया चालत्यातच की. रान काय घरात येतंय व्हय?" लग्न होऊन शिनोलीहून कळंबला आले त्याला तेव्हा सातआठ वर्षं झाली असतील, पण सासूपुढं बोलायची सवय नव्हती. तुम्ही सुपात तांदूळ निवडत होतात. वर न बघता म्हणालात, "मी जाते तिच्यासंगं. वाटंत पडली-बिडली तर कोण उचलणार?"

तोवर आपण दोघी कामापुरत्या बोलायचो. तुम्ही माझ्या थोरल्या नणंद, ऐन विशीत सासरहून परत आलेल्या. लग्न ठरलं तेव्हाच मला सांगून ठेवलं होतं, घरात एक नणंद कायमची आहे, नवऱ्यानं टाकलेली, तिला दुखवू नको. मी दुखवलं नाही. पण असं सांगून ठेवलेल्या माणसाशी मोकळं बोलता येत नाही.

पहिल्या दिवशी आपण गोठ्यामागून नदीच्या वाटेला लागलो. झुंजूमुंजू असताना बाया त्या वाटेनं जातात तेव्हा त्यांना कुणी काही विचारत नाही, कशाला जातात ते सगळ्या गावाला माहीत असतं. पण आपण चांगलं उजाडल्यावर निघालो होतो, हातात काही नव्हतं, आणि दिसेल तो विचारत होता. "का वो आक्का, कुठं?" "आज इकडं कुठं?" "कुणी आजारी हाय का?" पुलापर्यंत जाईस्तोवर आपण सात जणांना सात कारणं सांगितली असतील. दुसऱ्या दिवशी तुम्ही डोक्यावर रिकामी पाटी घेतलीत. कुणी काही विचारलं नाही. ती पाटी आपण कितीतरी महिने फिरवली. तुम्ही म्हणायच्या, "पाटीला बी जरा हवा लागू दे."

त्या वाटेनं मला तुम्ही माणूस म्हणून दिसायला लागलात. घरात तुम्ही खाली मान घालून वावरायच्या. पुलापलीकडं गेलं की तुमची मान वर. कुणाच्या बांधावर बोरीला बहर आलाय, कुठल्या आंब्यात पोपटांनी ढोली केलीय, कुणाची ज्वारी निसवलीय, सगळं बघत चालायच्या. हरभऱ्याच्या रानातून गेलं की पायाला पाल्यावरची झोंबरी आंब लागते, म्हणून लुगडं जरा वर खोचून, पोरीसारख्या. मला वाटायचं, ही बाई घरात असते ती कोण आणि ही कोण?

मग ते जुन्नरचं लग्न. आपल्या नात्यातलं, सगळं घर टेम्पोत बसून गेलेलं. दुपारी जेवणं उरकली, बाया मांडवात पानं लावत बसल्या, आणि तुम्ही माझ्या दंडाला धरून म्हणालात, "चल." कुठं म्हणून विचारलं तर म्हणे, येताना गाडीतनं एक घुमट दिसलाय. अशा आपण दोघी लग्नातल्या लुगड्यांत, नाकात नथी, हापूसबागेच्या रस्त्याला लागलो. तिथं पूर्वी बादशाही बाग होती म्हणतात. आता द्राक्षांचे मांडव आणि कांदे, मधूनच एखादं म्हातारं आंब्याचं झाड. मागं शिवनेरी. एक मोटारसायकलवाला थांबला. भला माणूस असावा.

"बाई, गाडी चुकली का? ष्ट्यांड त्या अंगाला ऱ्हायलं."

"न्हाई चुकली," तुम्ही म्हणालात.

"मंग कुणाच्यात जायचंय?"

मी घुमटाला नवस आहे असं सांगायच्या बेतात होते. तुम्ही माझ्या आधी बोललात. "कुणाच्यात बी न्हाई. फिरायला निघालोय."

तो तुमच्या जरीच्या काठाकडं बघत राहिला. "असल्या लुगड्यात?"

"फिरायचं लुगडं येगळं असतंय व्हय?"

तो हसत निघून गेला आणि तुम्ही रस्त्यावर उभ्याच राहिलात. तोंड लाल झालं होतं. चोरी करून आल्यासारखं म्हणालात, "बघ, म्हनलं मी. काय बी झालं न्हाई."

घुमटाच्या आत गार होतं. कबरीवर ऊन तिरपं पडलं होतं. तुम्ही जरा वेळ बघितलंत आणि म्हणालात, "ऐसपैस निजलाय बाबा." मग कुणी नाही असं बघून एकदम भावाला हाक मारलीत, "दत्तूऽऽ!" आणि ती हाक वर जाऊन फिरून खाली आली तेव्हा आपण दोघी एवढ्या हसलो की माझी नथ सुटली. घरी आल्यावर आत्याबाईंनी जे ऐकवलं ते ऐकवलं. पण त्यानंतर पाटी गोठ्यातच राहिली. कुणी विचारलं की तुम्ही सरळ सांगायच्या, फिरायला. लोक आधी हसले, मग विसरले.

आक्का, मला त्या वर्षांचं फार ऋण वाटतं. माझं अंग भरून आलं ते चालण्यानं असेल, पण मी बोलायला शिकले ती तुमच्यामुळं. बालवाडीची नोकरी करायची का, हे आपण नदीच्या काठी ठरवलं आणि घरात जाऊन सांगितलं. माझी दोन्ही पोरं तुमच्याच मांडीवर वाढली, पण सकाळची ती वेळ तुम्ही त्यांनाही दिली नाहीत. "ही आमची येळ हाय," म्हणायच्या, आणि आत्याबाईंच्या पुढ्यात त्यांना ठेवून निघायच्या.

मग तुमच्या सासरचा पुतण्या आला.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आत्याबाई तेव्हा नव्हत्या. चांगला शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. ओट्यावर बसून त्यानं सांगितलं, काकांना मुंबईत अर्धांगवायू झालाय, दुसऱ्या काकू वारल्या, पोरबाळ नाही. तुम्हाला न्यायला आलोय. मी आतून ऐकत होते. पंचवीसतीस वर्षं ज्यांनी तुमची चौकशी केली नाही त्यांना आता बिनपगारी नर्स पाहिजे होती. आणि माझे मालक, तुमचा लाडका दत्तू, हळूच म्हणाले, "आक्का, तू बघ. पर शेवटी नवरा हाय."

तुम्ही पाहुण्याला चहा दिलात आणि म्हणालात, "इचार करून सांगते." आत येऊन मला विचारलंत, "तुझ्या म्हायेरावरनं ती आहुप्याची गाडी जाती ना?"

मी शिनोलीची असून घाटमाथ्यावरच्या आहुप्याला तोवर एकदाच गेले होते, वडिलांबरोबर. तिथली हौसाबाई आमच्या घरी हिरडा विकायला यायची, तेवढ्या ओळखीवर आपण निघालो. शिनोलीत माझ्या आईकडं मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी एस्टीनं डिंभ्याच्या धरणाचं पाणी कधी उजव्या, कधी डाव्या हाताला ठेवत घाट चढलो. भातं काढून झाली होती. हौसाबाईनं नाचणीची भाकरी आणि उडदाचं आंबट वरण वाढलं, तुम्ही तिच्या चुलीपाशी जन्मापासूनची ओळख असल्यासारख्या बसलात. सकाळी ती आपल्याला देवाच्या रानात घेऊन गेली. कडेला थांबून म्हणाली, "चपला हितंच काढा. आन काडी मोडू नका, वाळल्याली बी न्हाई. देवाची हाय." एवढं सांगून ती भारा आणायला दुसऱ्या बाजूला गेली.

आत शिरल्यावर तुम्ही बोलायच्या थांबलात. गारंबीचे वेल मांडीएवढे जाड, एका झाडावरून निघून चौथ्या झाडावर गेलेले. पायाखाली पाला इतका की पाऊल वाजत नव्हतं. वर कुठंतरी शेकरू खडखड ओरडलं आणि परत शांत. एका मुळावर तुम्ही बसलात. मी म्हटलं, "आक्का, जाऊ नका मुंबईला. ज्यानं टाकलं त्याच्यासाठी कशाला?"

"मला कुणी टाकलं न्हाई," तुम्ही म्हणालात.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"रंजे, मी चालत आले." मग तुम्ही सांगत राहिलात, माझ्याकडं न बघता. "तो मुंबईला. वरसातनं एकदा यायचा. मारत न्हवता, शिव्या देत न्हवता. पर त्यांचं घराणं मोठं. सुनंनं उंबऱ्याभाईर पाय टाकायचा न्हाई. पाणी गडी आणायचा. दोन वरसं मी आभाळ परड्यातनं बघितलं. एक दिस दार उघडं व्हतं, गडी ढोरं सोडत व्हता, मी गेले भाईर. आधी वाटलं, कोपऱ्यापत्तुर जाऊन परत फिरू. कोपरा आला. मंग वढा आला. मंग म्हनलं आता काय फिरायचं. दिवस मावळायला आपल्या पुलावर आले."

"मग टाकली असं का सांगतात सगळे?"

"बाबांनी सांगितलं गावात. टाकल्याल्या लेकीची दया येती. निघून आल्याल्या लेकीला कोण ठिवून घेतं?"

एवढी वर्षं रोज तुमच्याबरोबर चालून मला हे ठाऊक नव्हतं. मला रडायला आलं, तुम्हाला नाही. तुम्ही डोक्यावरचा पदर नीट केलात आणि म्हणालात, "मी जाणार हाय मुंबईला."

"कशाला?"

"बघून येणार. ऱ्हाणार न्हाई."

"एकदा गेलात की ठेवून घेतील."

"मी काय गाय हाय, दावं लावायला?"

आणि तुम्ही गेलात. आठवडाभर मी फाट्यावर येणारी प्रत्येक गाडी बघितली. तुम्ही परत आलात ते भर दुपारी, पिशवी खांद्याला लावून, ऊन काही नाही असं चालत. जेवायला वाढलं. मी विचारलं, काय झालं? तो काय म्हणाला? माफी मागितली का? तुम्ही भाकरी कुस्करत म्हणालात, "खाट अंधाऱ्या कोपऱ्यात ठिवली व्हती. त्याला खिडकीपाशी पायजे व्हती. शेजारच्या पोरांना बोलवून सरकवली. एक बाई लावून दिली पुतण्याला सांगून. आन आले."

बस्, एवढंच. पुढं काही महिन्यांनी तो वारला तेव्हाही तुम्ही एवढंच म्हणालात: "सुटला."

मला हे पटलं नाही, आक्का. आजही पटलेलं नाही. तुम्ही जायला नको होतं. ज्या घरानं तुम्हाला आभाळ दाखवलं नाही, त्या घरातल्या माणसाची खाट तुम्ही का सरकवायची? मी हे तुम्हाला शंभरदा विचारलं. तुमचं उत्तर ठरलेलं, "आजारी व्हता." मी म्हणायचे, जगात आजारी पुष्कळ आहेत. तुम्ही म्हणायच्या, "त्यातला ह्यो मला म्हाईत व्हता."

हे भांडण पुढं आपल्या चांगलंच कामाला आलं. तोवर कालव्याचं पाणी सगळीकडं फिरून जिकडंतिकडं ऊस झाला होता. पूर्वी आपण बाजरीच्या रानातून जायचो, पलीकडचं माणूस दिसायचं. "बाजरीत माणूस दिसतंय, उसात हत्ती बी दिसायचा न्हाई," तुमचंच वाक्य. त्या उसात बिबटे राहायला आले. आज इकडं शेळी नेली, उद्या तिकडं कुत्रं. जुन्नरच्या बाजूनं तर माणसांच्याही बातम्या यायला लागल्या. संध्याकाळी गाव दारं लावून बसायचं. ह्यांनी फर्मान काढलं, फिरणं बंद. मलाही तेच वाटत होतं. माझी पोरं शाळेतली, मला भीती वाटायची. मी म्हटलं, आक्का, अंगणात चालू या, अंगण काय लहान आहे?

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी ते परत बोलले नाही.

"त्यो आपल्याला घाबरतो," तुम्ही म्हणालात. "गुपचूप गेलं तर दचकतो. आपण बोलत जाऊ. मोठ्यानं." आणि उसाच्या कडेला लागल्यावर म्हणायला लागलात, "काय बोलायचं? हां, भांड माझ्याशी. मुंबईचं काढ." तेव्हापासून उसाच्या पट्ट्यात शिरलं की मी ओरडायचे, "जायला नको होतं!" आणि तुम्ही त्याच्या वरचा सूर लावायच्या, "आजारी व्हता!" कुणी ऐकलं असतं तर दोघींचं डोकं फिरलंय म्हणालं असतं. मला खरा राग यायचा, तुम्हालाही यायचा. ऊस संपला, कांद्याचं मोकळं रान आलं, की आपोआप आवाज खाली. मग तुम्ही विचारायच्या, आज कालवण काय करायचं?

एकदा कालव्याच्या ओल्या मातीत पंजा उमटलेला दिसला, ताजा, माझ्या तळव्याएवढा. तुम्ही वाकून नीट बघितलंत. "ह्यो बी फिरायलाच निघाल्याला दिसतोय," म्हणालात. पण त्या दिवशी परत येताना तुमचाच आवाज सगळ्यांत मोठा होता, हे मी इथं लिहून ठेवते.

गेल्या पावसाळ्यानंतर तुम्हाला दम लागायला लागला. आधी पुलापर्यंत, मग गोठ्यापर्यंत, मग ओट्याची पायरी. मंचरला दाखवलं, हृदय थकलंय म्हणाले. तुम्ही मला एकटीला पाठवायला लागलात, आणि आले की विचारायच्या, "आज कुठवर गेलतीस?" मी सगळं सांगायचे. कुणाचा गहू ओंबीवर आलाय, कुणी बांधावरचा आंबा तोडला. तो आंबा ऐकून तुम्ही दिवसभर बोलला नाहीत. शेवटच्या आठवड्यात सांगितलं, हरभऱ्याला घाटे धरलेत. "मंग आणलंस का न्हाई चार डहाळं?" "आक्का, परक्याचं रान." "परक्याचं तर ग्वाड लागतं." दुसऱ्या दिवशी रानाच्या मालकाला विचारून आणले. विचारून आणले म्हणून तुम्ही नाक मुरडलंत, पण भिंतीला टेकून एकेक घाटा सोलत बसलात. हिरवा दाणा मला द्यायच्या, मग एक स्वतः खायच्या. त्यानंतर दोनेक दिवसांनी, दुपारी, सगळे घरात असताना, तुम्ही गेलात.

मला एवढंच विचारायचं राहिलं, की मुंबईच्या त्या खोलीत त्यानं तुम्हाला ओळखलं का? भांडताना मी हे कधीच विचारलं नाही. आता वाटतं, उत्तर मला न देता तुम्ही बरोबर नेलंत ते ठीकच केलंत. सगळंच मला कशाला पाहिजे?

आज सकाळी मी चपला घालत होते तर हे अंगणात येऊन उभे. डोक्याचं मुंडण, त्यावर टोपी सैल झालेली. "तुमी दोघी कुठनं जायच्या?" विचारलं. मी म्हटलं, दाखवते. आयुष्यभर हे त्याच वाटांनी शेतावर गेले, पण फिरायला म्हणून चालता येईना. झपाझप पुढं जायचे, मग कुणाच्या तरी बांधावर थांबायचे. एकाच्या वाफ्यातला कांदा उपटून त्याची मुळी बघितली आणि परत खोचला. मी म्हटलं, "आपण रान बघायला न्हाई आलो." तर म्हणाले, "मंग काय बघायचं?"

नदीवर पोचलो. काल विधी झाला तिथंच, पिंडांच्या पत्रावळी अजून कडेला होत्या. हे दगडावर बसले. काल एवढी माणसं रडली तेव्हा हे कोरडे होते, सगळ्यांना पाणी मिळालं का बघत फिरत होते. आज बसले आणि टोपी तोंडावर धरून रडायला लागले. मोठ्यानं, पोरासारखे. मी जवळ बसून राहिले. मग टोपीतूनच विचारलं, "मी तिला जा म्हनलो व्हतो. ती माझ्यावर रागावली व्हती का गं?"

नाही म्हणून सांगणं सोपं होतं. पण तुमच्याबाबत मी कुणाला काही सोपं सांगावं हे मला बरं वाटेना. "मला ठाऊक न्हाई," मी म्हटलं. "माझ्याजवळ कधी बोलल्या नाहीत. पण मुंबईहून आल्या त्या दिवशी आधी विचारलं, दत्तू जेवला का."

त्यांनी तोंड धुतलं. परत येताना चाल जरा हळू झाली होती. दारात आल्यावर म्हणाले, "उद्या कवा निघायचं?"

खरं सांगू, आक्का? मला आवडलं नाही. ती वेळ आपली होती, तुम्ही पोरांनाही दिली नव्हती. ते उंबऱ्यापाशी टोपी हातात घेऊन उभे राहिले, मी काय म्हणते याची वाट बघत.

"उजाडल्यावर," मी म्हटलं. "पण वाटंत कुणाचा कांदा उपटायचा न्हाई."

ते हो म्हणाले. कितपत पाळतील ते तुम्हाला ठाऊक; भाऊ तुमचाच आहे.

तुमची,
रंजना